वाटेत आहे

माझे बाबा खोटं बोलत नसत. हे मी कौतुकाने सांगत नाही. ज्यांना अशा माणसाबरोबर एका घरात राहावं लागलं नाही त्यांनी खुशाल कौतुक करावं. आईने नवा चष्मा केला आणि कसा दिसतो म्हणून विचारलं, तर बाबा हातातला पेपर खाली ठेवून नीट बघत आणि म्हणत, "नाक मोठं दिसतं." पाहुणे म्हणाले, अजून थोडं बसू का, तर "आता उठलात तर बरं" म्हणून मोकळे. फोन आला आणि आई लांबूनच 'नाही म्हणून सांगा' अशा खुणा करायला लागली, की बाबा फोनवर सांगत, "आहे ना, पण तिला तुमच्याशी बोलायचं नाहीये." आमचे नातेवाईक आमच्याकडे जपून येत.

धर्मगुरू व्हायला आलेल्या तरुणांना ते नीतिशास्त्र शिकवत. स्वतः संसारी माणूस, पण उभं आयुष्य सेमिनरीत गेलं. पाठीमागे मुलं त्यांना 'तराजू' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. दर वर्षी नव्या वर्गातला कोणीतरी हुशार मुलगा तोच प्रश्न विचारायचा: दारात खुनी उभा आहे, तुमचा मित्र आत लपलाय, आणि खुनी विचारतो, तो कुठे आहे? मग काय करायचं सर? बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. दार लावून घ्या. गप्प बसा. वेळ आली तर मार खा. पण खोटं बोलू नका, कारण जीभ माणसाला माणसाशी जोडायला दिली आहे, आणि खोटं बोलणारा ती तोडायला वापरतो. मुलं हे लिहून घेत आणि बाहेर जाऊन हसत.

आमच्या दारात खुनी कधी आला नाही. विचारायला आली ती आई.

पण आधी आमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाआधी झाडाझडती असायची. प्रार्थना झाली, की प्रत्येकाने दिवसभरात आपल्या हातून झालेली एक चूक मोठ्याने सांगायची. सांगून झालं की आई म्हणायची, "बरं. सोडलं." मग पुढच्याची पाळी. हा शब्द आईचाच. बाबांनी तो कधी स्वतःकडे घेतला नाही. ते म्हणत, मी तपासायला ठीक आहे, सोडायला ती बरी. त्यांचीही पाळी असायची. 'आज वर्गात एका मुलाचा अपमान केला', 'आज तुमच्या आईवर विनाकारण खेकसलो', असं मान खाली घालून सांगत, आणि आईचा शब्द येईपर्यंत घास उचलत नसत. कधीकधी आई मुद्दाम थांबायची. डाळीत मीठ आहे का बघायची, पाणी ओतायची. बाबा ताटावर हात ठेवून वाट बघत बसायचे.

दादाला एकदा सांगायला काही सापडेना. तो पोरगा मुळात भला होता. मग त्याने ठोकून दिलं, की वरच्या मजल्यावरच्या आजींची कुंडी मी फोडली. बाबा जेवण सोडून उठले आणि त्याचा हात धरून माफी मागायला त्याला वर घेऊन गेले. कुंडी जागच्या जागी शाबूत होती. आजींनी दोघांना खाऊ दिला. खाली आल्यावर बाबा अतिशय गंभीरपणे म्हणाले, "न केलेलं पाप केलं म्हणून सांगणं, हेही पापच." दुसऱ्या दिवशी दादाकडे सांगायला खरीखुरी चूक होती, त्यामुळे तो खुशीत होता. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

ह्या माणसाशी तू लग्न कसं केलंस, असं मी आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बघायला आले तेव्हा स्वतःहून म्हणाले, मी घोरतो, पगार बेताचा आहे आणि स्वभाव चिवट आहे. मला वाटलं, चला, पुढे कळायचं ते आत्ताच कळलं." मग म्हणाली, "माझी आई आजारी होती ना, तेव्हा डॉक्टर, भाऊ, सगळे म्हणत होते, होईल बरी. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, नाही होणार, जाऊन बसून राहा तिच्याजवळ. म्हणून मी शेवटपर्यंत बसले. बाकीचे धीर देतात. हे सांगतात."

दादा मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करणारा झाला. सेमिनरीतल्या सरांचा मुलगा हातात पाना घेऊन फिरतो ह्याचं लोकांना वाईट वाटलं, बाबांना नाही. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. बाबा ओळख करून देताना म्हणत, "ही माझी लेक. खोटे दात करते, पण खरं बोलते." हा त्यांचा एकुलता एक विनोद, आणि तो त्यांनी पुरवून पुरवून वापरला.

एका दुपारी एका इमारतीत काम करताना लिफ्टचा ब्रेक सुटला. दादा केबिनच्या खाली होता. ह्याहून जास्त मला ते सांगता येत नाही.

आई तेव्हाच थोडी विसरायला लागली होती. गॅसवर दूध ठेवलेलं विसरणं, एकाच माणसाला दोनदा चहा देणं, असं. दादाच्या अंत्यविधीला ती होती, सगळं कळत होतं तिला. शवपेटीत त्याचे केस कपाळावर आले होते ते तिने हाताने मागे सारले. त्यानंतर मात्र तिचा उतार फार झपाट्याने झाला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध लिहून दिलं आणि औषधाने फारसं काही होणार नाही हेही सांगितलं.

आमची इमारत जुनी. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की जाळीचं दार खडखडतं. एका संध्याकाळी ते खडखडलं, तशी आईने मान वर केली आणि विचारलं, "आला का गं दादा?"

मी भाजी चिरत होते. मी सुरी खाली ठेवून बाबांकडे बघितलं. बाबा खुर्चीतून उठले, तिच्यासमोर जाऊन बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "तो गेला गं. कामावर अपघात झाला. आपण त्याला पुरलं."

आईने ते ऐकलं, आणि पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी अंत्यविधीच्या दिवशीही ऐकला नव्हता. बराच वेळ रडल्यावर तिने विचारलं, "मला कोणी सांगितलं का नाही?" बाबा म्हणाले, "सांगितलं होतं." मग ती म्हणाली, "मी होते का तिथे?" बाबा म्हणाले, "होतीस. तू त्याचे केस नीट केलेस." त्यावर ती जरा शांत झाली. अर्ध्या तासात सगळं पुसून गेलं, आणि जेवताना ती विचारायला लागली, आज चार ताटं का नाही मांडली?

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिफ्ट आली आणि पुन्हा तो प्रश्न. पुन्हा बाबा उठले, समोर बसले, हात हातात घेतले. पुन्हा तेच रडणं. रोज. आईचा मुलगा रोज संध्याकाळी मरायचा, आणि त्याची बातमी रोज माझे बाबा द्यायचे. मी लॅबमधून मुद्दाम उशिरा निघायला लागले, आणि उशिरा पोचले तरी जिना चढून यायचे, माझ्यामुळे जाळी वाजायला नको म्हणून.

शेवटी मी भांडले. आई झोपली होती, बाबा तिचे कपडे घडी करत होते.

"बाबा, कामावर गेलाय म्हणून सांगितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"ते खोटं आहे."

"तिला कळणार आहे का ते?"

"म्हणूनच नाही." त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "कळणाऱ्याला फसवण्यात निदान बरोबरी तरी असते. ज्याला कळत नाही त्याला फसवायचं? मग ती बायको कुठली राहिली माझी, सांभाळायची वस्तू झाली. आजारी पडली म्हणून ती माणूस राहिली नाही का? तिने विचारलं. मला विचारलं. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं."

"तुमचं सत्य तुमच्यापाशी, आणि रडायचं तिने."

"मी रडत नाही असं वाटतं तुला?"

ह्यावर मी आणखी चिडले. निदान 'तो देवाच्या घरी आहे' असं तरी म्हणा, ते तर तुम्ही मानता ना, असं सुचवून पाहिलं. 'देवाच्या' हा शब्द हळू म्हटला की झालं, तिला नुसतं 'घरी आहे' ऐकू येईल. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणाचा खिसा कापायला सांगितलंय. "पुढच्या दाराने जायचं नाही म्हणून मागच्या दाराने आत शिरायचं," ते म्हणाले. "घर तेच फोडलं जातं."

मग एक गोष्ट अशी झाली, की माझ्या भांडण्याची गरज उरली नाही. आई बाबांना घाबरायला लागली.

ती बातमी विसरायची, पण बातमी देणारा तिच्या अंगात कुठेतरी राहायचा. बाबा समोर येऊन बसले की ती हात मागे ओढून घ्यायची. त्यांनी पेला पुढे केला तर माझ्याकडे बघायची, घेऊ का म्हणून. एकदा ते खोलीत आले तेव्हा ती भिंतीकडे सरकली आणि मला हळूच म्हणाली, "ह्या माणसाला आत नको येऊ देऊस. हा काहीतरी वाईट सांगतो." बाबांनी ते ऐकलं. ते दारातूनच मागे फिरले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. नळ वाहता ठेवणं त्यांच्या लेखी चूकच होती, त्यावरून ते आम्हाला किती बोलले असतील.

त्या आठवड्यात मी त्यांना चर्चमध्ये घेऊन गेले. आमचे धाकटे फादर त्यांचे जुने विद्यार्थी, अजून त्यांना सरच म्हणतात. ऑफिसात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या तीन त्यांनी काढून पुसल्या. बाबांनी सगळं सांगितलं, वर्गात एखादं प्रकरण मांडावं तसं, नीट क्रमाने. फक्त 'ह्या माणसाला' हे शब्द सांगताना थांबले.

फादरनी आपली खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाले, "सर, ज्याच्या हातात काही धरायची ताकदच नाही, त्याच्या हातात भरलेलं भांडं ठेवलं, तर ते देणं होत नाही. ते त्याच्या पायावर पाडणं होतं. तुम्ही तिला सांगा, तो कामावर आहे. ह्याला मी खोटं म्हणणार नाही."

"हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं."

"नाही सर. हे मी आजाऱ्यांच्या खाटांशी बसून शिकलो."

"म्हणजे सांगितलेलं चाललं असतं. पहिल्या दिवसापासून."

"हो."

"मग इतके महिने मी तिला जे रोज रडवलं, ते काय होतं?"

फादर म्हणाले, "ते तुम्ही प्रेमापोटी केलंत, सर."

"हेतू चांगला होता म्हणून कृती चांगली ठरत नाही," बाबा म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या पेपरात हा प्रश्न असतो. तुम्ही तो बरोबर सोडवला होता." आणि ते उठले.

गाडीत त्यांनी सांगून टाकलं, "मी बोलेन. पण ते खोटं आहे असं समजूनच बोलेन. स्वतःच्या सोयीसाठी त्याला दुसरं नाव द्यायचं नाही." मला वाटलं, बोला एकदाचं, नाव काय वाटेल ते द्या. त्याची किंमत काय आहे हे मला रविवारी कळलं. चर्चच्या मिस्सेत कम्युनियनचा पवित्र प्रसाद घ्यायला लोक रांगेने उठले, आणि बाबा बाकावर बसून राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं तसे हळूच म्हणाले, "पुन्हा करणार नाही असं ठरवल्याशिवाय पापनिवेदन होत नाही, आणि त्याशिवाय प्रसाद घ्यायचा नसतो. मी तर संध्याकाळी पुन्हा करणार आहे." लोक त्यांचे गुडघे चुकवत चुकवत बाकाच्या बाहेर पडत होते. फादर स्वतः सांगत होते की हे पाप नाही. पण बाबांचं मन म्हणत होतं की आहे, आणि आपलं मन जे पाप म्हणतं ते करून वर हात पुढे करायचा नाही, हेही त्यांनीच त्या फादरना शिकवलं होतं. आयुष्यात एक रविवार न चुकलेला माणूस बाकावर बसायला लागला. मी त्यांच्यावर रागावले, आणि मला त्यांची इतकी माया आली की मीही त्या दिवशी उठले नाही.

पहिलं खोटं त्यांना नीट जमलं नाही. लिफ्ट आली, आईने विचारलं, आणि बाबा म्हणाले, "वाटेत आहे," पण पाठांतर विसरलेल्या मुलासारखं, भिंतीकडे बघून. आई म्हणाली, "कुठल्या वाटेत?" बाबांची बोबडी वळली. मी आतून ओरडून सांगितलं की बाजारातून येतोय. नंतर त्यांना समजावलं, कवळी बनवताना आम्ही एखादा दात किंचित वाकडा बसवतो, सगळे सरळ बसवले तर बघणाऱ्याला लगेच कळतं. तसं काहीतरी बारीकसारीक त्यात घाला. सत्तरी ओलांडलेल्या नीतिशास्त्राच्या सरांना मी खोटं बोलायची शिकवणी देत होते, आणि ते डोळे मिटून लक्ष देऊन ऐकत होते.

मग त्यांना जमायला लागलं. "वाटेत आहे. आज मोठ्या दवाखान्याची लिफ्ट अडकली होती, आत एक डॉक्टर आणि एक भटजीबुवा." आई विचारायची, "मग?" बाबा सांगायचे, दादाने वरून टॉर्च मारून त्यांना गाणं म्हणायला कसं लावलं. आई हसायची. दुसऱ्या दिवशी दुसरी लिफ्ट, दुसरी माणसं. तिची भीती हळूहळू गेली. आधी हात ओढून घेणं थांबलं, मग ती संध्याकाळ झाली की स्वतःच त्यांना शेजारी बसवून घ्यायला लागली. मी पुन्हा लिफ्टने यायला लागले. दार उघडावं तर दोघं खिडकीशी बसलेली, आणि बाबा सांगताहेत की पोराने आज नवे बूट घेतले, चावताहेत म्हणतो.

एकदा मी दारातच थांबून ऐकत राहिले. बाबांचा चेहरा आईकडे नव्हता. ते दाराकडे बघून बोलत होते, आणि त्यांच्या तोंडावर असं वाट बघणं होतं की मीही मागे वळून लिफ्टकडे बघितलं. तो वाटेत आहे हे सांगता सांगता त्यांनाही तो वाटेत दिसायला लागला होता. दादा गेल्यापासून त्यांना कोणी मांडीवर घेऊन रडू दिलं नव्हतं. रोज बातमी देणाऱ्याला रडायला फुरसत कुठली? आता रोज अर्धा तास त्यांचाही मुलगा जिवंत असायचा. कोणाच्या तोंडचा घास मी काढून घेणार होते?

थंडी संपता संपता आईला ताप आला. छातीत कफ झाला, चार-पाच दिवस ती नुसती पडून होती. ताप उतरला त्या रविवारी बाबा मिस्सेहून आले होते आणि आत चहा ठेवत होते. मी आईला उशीला टेकवून बसवलं होतं आणि तिचे केस विंचरत होते.

"हात हलका ठेव गं, चिमे," ती म्हणाली.

माझ्या हातातली फणी थांबली. चिमी हे माझं लहानपणीचं नाव. कित्येक महिन्यांत तिने मला 'अहो बाई' शिवाय हाक मारली नव्हती.

ती खिडकीबाहेर बघत होती. आवाज बारीक होता, पण तिचा होता. "किती बारीक झालीस," ती म्हणाली. "आणि हे? हे जेवतात ना नीट?" मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "चिमे, दादा..." आणि थांबली. मी तोंड उघडलं तशी तिने हात वर केला. "तू नको सांगूस. तू धीर देशील. ह्यांना बोलव."

बाबा फडक्याला हात पुसत आले. आईने पलंगावर हात थोपटून त्यांना बसायला सांगितलं आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती त्यांना ओळखत होती. ते बाबांना कळलं, मला कळलं, कोणालाही कळलं असतं.

"अहो," ती म्हणाली, "एक विचारते. खरं सांगा. पोरगा गेला ना आपला?"

लिफ्ट कुठल्यातरी दुसऱ्याच मजल्यावर थांबल्याचा आवाज आला. बाबांनी फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. आणि ते म्हणाले, "छे गं. काहीतरीच काय. वाटेत आहे तो. आज त्या शाळेच्या लिफ्टचा..." पुढचं त्यांना सुचलं नाही.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. रागावून नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. दादा कुंडी फोडल्याचं सांगत होता तेव्हा ती त्याच्याकडे असंच बघत होती, फक्त तेव्हा ती हसत होती.

"बरं," ती म्हणाली.

मग तिने मान वळवून केस माझ्याकडे दिले. मी विंचरत राहिले. बाबा तिथेच बसून होते, फडकं हातात. आत चहा उतू जाऊन करपला. दुपारी आईने मला 'अहो बाई, पाणी' म्हणून हाक मारली, आणि त्यानंतर चिमी म्हणून मला हाक मारणारं कोणी उरलं नाही.

संध्याकाळी जाळी खडखडली. आईने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो प्रश्न तिने पुन्हा कधीच विचारला नाही, आणि थोड्या दिवसांनी काहीच विचारायची थांबली.

मी बाबांना म्हणाले, असू दे, आजार आहे, एखादा दिवस असा येतो म्हणतात. तुम्ही तरी काय करणार होतात? ते म्हणाले, "वर्षभरात एकदाच तिने खरोखर विचारलं. हात होते तिला त्या दिवशी, धरायला. मला दिसत होते." थोड्या वेळाने म्हणाले, "बाकी सगळे धीर देतात म्हणून तिने मला बोलावलं. आणि मी धीर दिला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मलाही तो वाटेत हवा होता गं."

आता खोटं बोलायची गरजच उरली नव्हती, म्हणून ते पापनिवेदनाला जाऊन आले. पुन्हा रांगेत उभे राहिले. मला वाटलं, सुटले एकदाचे. फादर मला बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, सरांना जपा. इतकंच म्हणाले.

मी अजूनही म्हणते, त्या रोजच्या रडण्यापेक्षा ते खोटं बरं होतं. त्या रविवारची सकाळ सोडून. आणि ती सकाळ वगळून मला ते म्हणता येत नाही, हे मला कळतं.

आता आम्ही तिघं एका टेबलाशी जेवतो. मी आईला भरवते. ती तोंड उघडते, गिळते, भिंतीकडे बघते. प्रार्थना झाली की बाबा तिच्याकडे खुर्ची वळवतात आणि मान खाली घालून सांगतात, "पोरगा गेला. तू विचारलंस आणि मी खोटं बोललो." रोज तेच. मग ताटावर हात ठेवून थांबतात. मी किती वेळा सांगितलं, देवाने सोडलं ना, मग? ते म्हणतात, "देवाला मी फसवलं नव्हतं."

परवा अन्न पार निवून गेलं. आईच्या हनुवटीवर ओघळ आला होता, तो मी पुसला. बाबांचा हात ताटावर तसाच. मला राहवलं नाही. मी आईच्याच आवाजात, तिच्याच ठेक्यात म्हणाले, "बरं. सोडलं. जेवा आता."

बाबांनी वर बघितलं. क्षणभर त्यांना खरंच वाटलं असावं. मग त्यांनी मला पाहिलं.

"तू नव्हे," ते म्हणाले, आणि पुन्हा आईच्या ओठांकडे बघत बसले.